नारूचं एक वर्ष

मोल्सवर्थच्या मराठी कोशात ‘नारू’ या शब्दाला दोन अर्थ दिलेले सापडतात. एक गावगाड्यातला. सुतार, लोहार, कुंभार हे कारू आणि त्यांच्या मागून येणारे, कमी मानाचे, ते नारू. दुसरा अर्थ माणसाच्या पायातून बाहेर पडणाऱ्या किड्याचा. योगायोग असा की दोघांचाही हिशोब वर्षाचा. गावकीतला नारू सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा घेई. पायातला नारू वर्षभर माणसाच्या अंगात राहून न मागता आपला वाटा घेई आणि वर्ष भरलं की मगच तोंड दाखवी.

तो यायचा बहुधा उन्हाळ्यात. घोट्याच्या वर किंवा पोटरीला खाज सुटे, अंगावर पित्त उठे, कधी उलट्या होत. मग एका जागी फोड येई आणि निखारा ठेवल्यासारखी आग पडे. आग शमवायला माणूस काय करणार? विहिरीच्या पायऱ्या उतरून पाय थंड पाण्यात सोडणार. पाणी लागताच फोड फुटे, मधून दोऱ्यासारखं पांढरं टोक डोकावे आणि त्यातून दुधासारखा पातळ द्रव पाण्यात सांडे. त्या द्रवात लाखो अळ्या असत. पायाला बरं वाटे, कळशी भरली जाई, आणि त्याच पाण्याने संध्याकाळी घरचा रांजण भरे.

त्यानंतरचं काम वैदूचं, न्हाव्याचं, नाहीतर घरातल्या एखाद्या म्हातारीचं. बाहेर आलेलं टोक चिमटीत धरून बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं फिरवायचं, दोन बोटं, फार तर चार. काडी पायालाच बांधून ठेवायची. वर धोतऱ्याचं नाहीतर कडुलिंबाचं पान. नारूची मादी साठ सेंटिमीटरपासून मीटरभर लांब आणि शेवईइतकी जाड असल्यामुळे हे काम कित्येक आठवडे चाले. घाई केली आणि नारू तुटला, तर खरी आपत्ती. तुटका भाग आत आक्रसून जाई, पाय सुजून खांब होई, पू धरे, ताप चढे. धनुर्वातानेही माणसं गेली. गुडघ्यात किंवा घोट्यात नारू मेला, तर सांधा जन्माचा आखडे.

आता यातली विचित्र गोष्ट पाहा. पायात बाभळीचा काटा मोडला तर दुसऱ्या दिवशी पाय ठणकतो. डोळ्यात कुसळ गेलं तर मिनिटात पाणी येतं. परकी वस्तू आत आली की शरीर गप्प बसत नाही, हा आपला रोजचा अनुभव. आणि इथे हातभर लांबीचा जिवंत प्राणी पोटातून मांडीत, मांडीतून पोटरीत प्रवास करतो, वाढतो, गाभण राहतो, आणि दहा ते चौदा महिने त्या माणसाला त्याची गंधवार्ता नसते. ताप नाही, सूज नाही, दुखणं नाही. पण तोच नारू तुटला किंवा मेला की तेच शरीर भडका उडाल्यासारखं पेटतं. म्हणजे लढण्याची ताकद पहिल्यापासून होती. जिवंत नारू तिला वर्षभर निजवून ठेवत होता.

माणसाच्या इतिहासात हा पाहुणा फार जुना. इजिप्तमधल्या इ.स.पू. सुमारे १५५० च्या एबर्स पपायरसमध्ये काडीला गुंडाळून काढायच्या किड्याचा उल्लेख नारूचाच असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मँचेस्टरच्या संग्रहालयात १७७० क्रमांकाची एक इजिप्शियन ममी आहे, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची. १९७५ मध्ये ती उलगडली तेव्हा पोटाच्या भिंतीत दगड झालेला नर नारू मिळाला. नर लहानसा असतो. मादीशी समागम झाल्यावर तो शरीरातच मरतो आणि तिथेच राहतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या ॲगथर्किडीसने (हा एक ग्रीक लेखक) तांबड्या समुद्राकाठच्या लोकांच्या पायांतून निघणाऱ्या ‘छोट्या सापां’विषयी लिहिलं होतं, ते प्लुटार्कमुळे आपल्यापर्यंत पोचलं. इब्न सिनाने त्याचं नातं मदिनेशी जोडलं आणि लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नावात ‘मेडिनेन्सिस’ कायम केलं. आपल्याकडे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हा आजार ‘स्नायुक’ म्हणून येतो. दिसायला स्नायूच्या तंतूसारखा, म्हणून स्नायुक.

एवढी हजारो वर्षं लोक नारू काडीवर गुंडाळत राहिले, पण तो आत येतो कुठून, हे कुणाला उमगेना. कारण उघड होतं. ज्या दिवशी तो आत शिरला तो दिवस आणि ज्या दिवशी बाहेर आला तो दिवस यांच्यात वर्षाचं अंतर. मधल्या काळात शरीराने एकदाही ओरड केलेली नाही. गेल्या वर्षीच्या वैशाखात कुठल्या विहिरीचं पाणी प्यायलो, हे कुणाच्या लक्षात राहणार?

हा घोळ मुंबईतही झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई तळी आणि विहिरी यांच्यावर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आज बसच्या पाट्यांवर उरली आहेत, पण तेव्हा तिथे खरोखर पाणी होतं आणि पाण्यात नारू होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या सेवेत हेन्री जॉन कार्टर नावाचे डॉक्टर होते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा त्यांना नाद. १८५० च्या दशकात त्यांनी एका शाळेची हकिकत नोंदवली. पन्नास मुलं एका तळ्यात आंघोळ करत आणि वर्षभरात त्यांतल्या एकवीस जणांना नारू झाला. दुसरीकडे आंघोळ करणाऱ्या शाळांतली मुलं मात्र जवळजवळ सुटली. तळ्याच्या गाळात कार्टरना बारीक जंत वळवळताना दिसले. त्यांनी ताडलं की हेच जंत आंघोळीच्या वेळी कातडीतून आत शिरत असावेत.

तळं बरोबर पकडलं होतं, वाट चुकली होती. गाळातले जंत वेगळेच होते. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. पुढे एकेक तळं बुजत गेलं तसा मुंबईतला नारूही ओसरत गेला, पण ज्यांच्या वाड्यात विहीर होती त्यांच्या घरी तो अधूनमधून येतच राहिला.

वाट सापडली ती दूर मध्य आशियातल्या तुर्कस्तानात. अलेक्सेई फेदचेंको हा तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञ समरकंदला गेला होता. नारूच्या अळ्या पाण्यात सोडल्या की त्या तिथल्या सायक्लॉप्सच्या शरीरात जातात आणि तिथेच वाढतात, हे १८७० मध्ये त्याने दाखवलं. सायक्लॉप्स म्हणजे साठलेल्या पाण्यातला ठिपक्याएवढा जीव. उन्हाकडे पेला धरला तर पाण्यात टिचकी मारल्यासारखा उसळताना दिसतो. तीनच वर्षांनी फेदचेंको आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना वारला, वयाच्या तिशीच्या आत. पुढचं पाऊल रॉबर्ट लायपर या ब्रिटिश संशोधकाने टाकलं. पोटातल्या आम्लाइतक्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या आतली अळी जागी होऊन बाहेर पडते, हे त्याने पाहिलं. मग माकडाला बाधित सायक्लॉप्स खाऊ घातले आणि सहा महिन्यांनी त्याच्या अंगात नारू मिळवले. माणसातला पुरावा मात्र मुंबईतून आला. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी १९१३ मध्ये स्वयंसेवकांना बाधित सायक्लॉप्स देऊन त्यांच्यात नारू वाढतो हे सिद्ध केलं. त्या स्वयंसेवकांनी घोटभर पाणी पिऊन पायातून दोरा निघायची कित्येक महिने वाट पाहिली, हे लक्षात घेतलं की त्या प्रयोगाची खरी किंमत कळते.

वाट कळली, पण वर्षभराच्या शांततेचं कोडं तसंच राहिलं. त्याचं उत्तर हळूहळू जुळत गेलं, ते नारूपेक्षा त्याच्या भाऊबंदांच्या अभ्यासातून जास्त.

जंतासारखा मोठा परजीवी आत आला की शरीराचा बंदोबस्त वेगळ्या तऱ्हेचा असतो. जीवाणूला एखादी पांढरी पेशी गिळून टाकते, पण हातभर किडा कोण गिळणार? म्हणून इओसिनोफिल नावाच्या पेशी त्याला चिकटून विषारी कण ओततात, आयजीई प्रकारची प्रतिपिंडं धोक्याची घंटा वाजवतात, खाज आणि सूज आणून त्याला हुसकावू पाहतात. जंतांनी या बंदोबस्ताशी लाखो वर्षं जुळवून घेतलं आहे. गावच्या जागल्याशी मारामारी करण्यापेक्षा त्याला पान-तंबाखू देऊन बसवणं चोराला परवडतं. जंत नेमकं हेच करतात. शरीरात काही नियामक टी पेशी असतात. भांडण हाताबाहेर जाऊन आपल्याच अंगाची नासाडी होऊ नये म्हणून त्या इतर पेशींना ‘आता पुरे’ असा इशारा देतात. इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे त्यांचे निरोप. जंत या पेशींची संख्या वाढवतात. उंदरांच्या आतड्यातल्या एका जंताने तर टीजीएफ-बीटाचं काम करणारं स्वतःचं प्रथिन घडवलं आहे. ग्लासगोतल्या रिक मेझेल्स यांच्या गटाने २०१७ मध्ये ते उघड केलं. दिसायला त्याचं मूळ प्रथिनाशी साम्य नाही, पण कुलूप तेच उघडतं. उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांतल्या फायलेरिया जंताचं ईएस-६२ हे स्राव-प्रथिन अनेक प्रकारच्या संरक्षक पेशींचा आवाज खाली आणतं.

खुद्द नारूबद्दलची एक नोंद चटका लावणारी आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नारूच्या मादीच्या शरीरात मॉर्फीन आढळलं. अफूतला हा पदार्थ वेदना बधिर करतो आणि संरक्षक पेशींची हालचालही मंदावतो. वर्षभर अंगात फिरणाऱ्या मीटरभर किड्याला याहून सोयीची शिदोरी कोणती असणार?

फायलेरियाचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं आहे. विदर्भातल्या नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोगाने पिढ्यान् पिढ्या मुक्काम केला. आरोग्य कर्मचारी तिथे रात्री दारोदार जाऊन बोट टोचून रक्त घेतात, कारण या जंताची पिल्लं रात्रीच रक्ताच्या वरच्या वाहिन्यांत येतात. तपासणीत वर्षानुवर्षं दिसणारी गोष्ट अशी की ज्यांच्या रक्तात पिल्लं बुजबुजत असतात, ती माणसं बहुधा धडधाकट असतात. शेतावर जातात, बैलगाडी हाकतात. त्यांच्या टी पेशी त्या जंताला ओळखूनही गप्प बसलेल्या असतात आणि रक्तात आयजीजी४ नावाची मवाळ प्रतिपिंडं भरपूर असतात, जी चिकटतात पण घंटा वाजवत नाहीत. उलट ज्यांचा पाय हत्तीसारखा झाला त्यांच्या रक्तात बहुधा पिल्लं सापडत नाहीत. त्यांच्या शरीराने लढाई केली, आणि तिच्या धुराळ्यात स्वतःच्याच लसवाहिन्या उद्ध्वस्त केल्या.

म्हणजे जंताने निजवलेलं शरीर नेहमीच दुखावलेलं नसतं. पण निजलेल्या पहारेकऱ्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. पोटात जंत असलेल्या मुलांना कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस कमी लागू पडते आणि आधी जंताचं औषध दिलं तर ती जास्त लागू पडते, हे इक्वेडोरमधल्या अभ्यासाने दाखवलं. क्षयावरच्या बीसीजीच्या बाबतीत असंच इथिओपियात दिसलं.

नारूच्या बाबतीत या निजवण्याचा सगळ्यात मोठा परिणाम हा की शरीर त्याच्याकडून काहीच शिकत नाही. गोवर एकदा झाला की जन्मभर पुन्हा होत नाही. नारू या वर्षी झाला, तर पुढच्या वर्षीही होतो, त्याच्या पुढच्याही. एका वेळी एकाच माणसाच्या अंगातून कित्येक नारू निघाल्याच्या नोंदी आहेत. त्याच्यावर लस झाली नाही. औषधंही चालली नाहीत. मेट्रोनिडॅझोल, थायाबेंडॅझोल यांनी सूज उतरे, ओढणं सोपं होई, पण किडा मरत नसे. जे शिकायचं होतं ते शरीराला नाही, विहिरीला शिकावं लागलं.

दख्खनच्या पठारावरची बारव ही एक देखणी गोष्ट आहे. काळ्या पाषाणातल्या पायऱ्या, कोनाड्यात देव, उतरता उतरता अंगावर येणारा गारवा. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर पाहायला आज लांबून लोक येतात. कोरडवाहू मुलखात पाणी उन्हाळ्यात खोल जातं आणि पाण्यापर्यंत पोचायला पायऱ्यांसारखी सोय नाही. पण याच सोयीने माणसाचा पाय आणि पाणी समोरासमोर आणले. पाणी आटेल तसे सायक्लॉप्स उरलेल्या पाण्यात दाटत जात, आणि नेमका याच दिवसांत गेल्या वर्षीचा नारू पायातून बाहेर यायला टपलेला असे. वर्षभराच्या गप्प राहण्याचा हा दुसरा फायदा. नारूचं पंचांग विहिरीच्या पाण्याशी जुळलेलं होतं. शिवाय पेरणीच्या तोंडावर घरचा कर्ता माणूस अंथरुणात. पश्चिम आफ्रिकेत मालीमधले डोगोन लोक नारूला ‘रिकाम्या कणगीचा आजार’ म्हणतात, त्याचं कारण हेच.

बारवेशेजारी आपल्याकडे आणखी एक रचना होती, आड. अरुंद, कठडा असलेला, पायऱ्या नसलेला, दोर-पोहऱ्याने पाणी शेंदायचा. आडात कुणी पाय घालत नाही, म्हणून अळ्या पडत नाहीत, म्हणून त्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटात काही नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण नारूच्या बाबतीत अक्षरशः खरी. ज्या वस्त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची बंदी होती, त्यांना मात्र आडाचा पर्यायही नव्हता. त्यांच्या वाट्याला नाला, डबकं, झरा आले, आणि तिथेही पाण्यात उतरल्याशिवाय घागर भरत नसे.

पाय आणि पाणी यांची गाठ तोडून नारू हटवता येतो, हे करून दाखवलं प्रथम मध्य आशियातल्या बुखाऱ्याने. तिथे लोक पायऱ्यांच्या हौदांचं पाणी पीत आणि नारू काढणं हा न्हाव्यांचा धंदाच होता. सोव्हिएत काळात, १९२० च्या दशकात, लिओनिद इसायेव्ह या डॉक्टरने हौद उपसले, बुजवले, स्वच्छ पाणी आणलं. १९३१ नंतर तिथे नारू दिसला नाही. एकही औषध न वापरता.

भारताने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत, बारा हजारांहून जास्त गावांत, वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण होते. मोहिमेची हत्यारं साधी होती. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचे, जखमेवर पट्टी बांधायची, पायात नारू असलेल्याने पाण्यात उतरायचं नाही हे पटवायचं, पाणी दुहेरी कापडातून गाळायला लावायचं, विहिरीत टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारायचे. आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून, वर रहाट बसवून त्यांचे आड करायचे. पण पिढ्यान् पिढ्या ज्या पायऱ्यांवर बायका घागरी घासत, बोलत, देवाला पाणी वाहत, त्या बंद करणं म्हणजे गावाचा चव्हाटा बंद करणं. औषध टाकलेल्या पाण्याला वास येतो, ही तक्रार तर ठरलेली. जमिनीखालून मदत आली ती हातपंपाची. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर खणण्याचा सपाटा लागला होता आणि बिडाचे नाजूक पंप धडाधड मोडत होते. त्याच्या आधीपासून जालन्यात आणि सोलापुरात दणकट पोलादी पंप घडवायचे प्रयत्न सुरू होते. ‘सोलापूर पंपा’च्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि देशभर, मग आफ्रिकेतही, लाखोंनी बसला. त्या पंपाच्या नळीत कुणाचा पाय जात नव्हता.

देशातला शेवटचा नारू १९९६ च्या जुलैत राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. जगभरात १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये १४ उरले. मात्र चाडमध्ये २०१२ पासून नारू कुत्र्यांत दिसू लागला आहे आणि तिथे माणसांपेक्षा कुत्र्यांतच त्याची संख्या कितीतरी जास्त आहे. कुत्र्याचं शरीरही त्याला वर्षभर ओरड न करता सांभाळतं.

महाराष्ट्रात अलीकडे तरुण मंडळी जुन्या बारवा शोधून त्यांतला गाळ उपसतात, झुडपं तोडतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावतात. मराठवाड्यातल्या एखाद्या बारवेत खाली उतरून ओंजळभर पाणी पेल्यात घेतलं आणि उन्हाकडे धरलं, तर त्यात सायक्लॉप्स उसळताना आजही दिसतील. त्यांच्या पोटात घालण्यासारखं काही मात्र आता इथल्या कुणाच्या पायात नाही.